विश्लेषण : वादळात टीन का उडते? जुन्या घराचे शटर बदलताना काय पाहावे?

वऱ्हाडातील गावांत आणि छोट्या शहरांत जुन्या घराच्या दर्शनी भागाला आता बहुतेक ठिकाणी लोखंडी शटर असते. आत कधी दुकान, कधी ट्रॅक्टर, कधी चारचाकी, तर शेंदूरजनाघाट-वरूड पट्ट्यात संत्र्याचे क्रेट आणि फवारणीचे साहित्य. शटर गंजले, अडकू लागले की ते बदलले जाते. त्या वेळी चर्चा होते ती रंगाची, कुलपाची आणि मोटर लावावी की नाही याची. वादळात हे शटर टिकेल का आणि ते गेले तर वरच्या छपराचे काय होईल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. खरे तर तोच पहिला प्रश्न असायला हवा.

या भागात वादळाचा धोका किती?

मार्चअखेरपासून जूनपर्यंत दुपारनंतर उठणारे वावधन वऱ्हाडाला नवे नाही. सकाळपासून तापलेली जमीन, वर चढणारी हवा आणि सातपुड्याच्या बाजूने येणारे ढग यांतून अर्ध्या तासात होत्याचे नव्हते होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये तर ऐन हिवाळ्याच्या शेवटी अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत गारपिटीने पिके झोडपली. ९ एप्रिल २०२३ च्या रात्री अकोला जिल्ह्यातील पारस येथे मंदिरालगतच्या टिनशेडवर वादळात कडुनिंबाचे जुने झाड कोसळले. पावसापासून बचावासाठी शेडखाली थांबलेल्या सात जणांचा त्यात मृत्यू झाला. तेथे कारण झाड होते, पण टिनाखालचा आसरा किती तकलादू असतो हे त्या रात्री दिसले.

इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, म्हणजे आयएस ८७५ चा तिसरा भाग, नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतो. ताशी हिशेबात तो सुमारे १५८ किलोमीटर होतो. असा झोत दरवर्षी येत नाही. पण बांधकाम करताना कोणत्या झोताचा विचार करावा, हे त्यावरून कळते. शटर बसवताना मात्र हा आकडा क्वचितच कुणी विचारात घेतो.

शटर गेले तर छप्पर का जाते?

वादळात वारा टिनाला फक्त वरून ओढत नाही. घर बंद असेल तोवर आतली हवा बऱ्यापैकी शांत असते. समोरचे शटर आत दबून रुळातून निसटले की वारा घरात शिरतो, त्याला बाहेर पडायला वाट नसते आणि तो टिनाला आतून वर ढकलू लागतो. बाहेरून ओढ आणि आतून धक्का असे दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात.

मानकात याचा हिशेब आहे. भिंतीतील उघडा भाग ५ टक्क्यांपर्यंत असेल तर आतील दाबाचा गुणांक ०.२ धरतात. तो भाग ५ ते २० टक्के असेल तर ०.५ आणि २० टक्क्यांहून अधिक असेल तर ०.७. जुन्या घराच्या दर्शनी भिंतीचा अर्ध्याहून अधिक भाग अनेकदा शटरनेच व्यापलेला असतो. म्हणजे शटर निसटताच आतला दाब साडेतीन पट होतो.

आकड्यांत सांगायचे तर ताशी ७२ किलोमीटरच्या झोताचा मूळ दाब दर चौरस मीटरला सुमारे २४ किलो भरतो. शटर तुटल्यावर त्यातला साधारण १७ किलोचा जोर आतून टिनावर लागतो. टिनपत्र्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ४ ते ५ किलोच असते. १२ बाय १० फुटांच्या खोलीवर हा आतला धक्का एकूण १९० किलोच्या आसपास जातो, आणि बाहेरची ओढ वेगळीच. टिनावर चार दगड ठेवून हा जोर अडत नाही. उलट टिनासोबत तेच दगड उडून कुणाच्या तरी अंगावर येतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. गेल्या वर्षीच्या वादळात शटर टिकले म्हणून यंदाही टिकेल, असे म्हणता येत नाही ते यामुळेच.

जगात हा धडा कुठे शिकला गेला?

अमेरिकेतील फ्लोरिडाला २४ ऑगस्ट १९९२ रोजी अँड्र्यू चक्रीवादळाने झोडपले. नंतरच्या पाहणीत अनेक घरांचे नुकसान गाडी ठेवण्याच्या खोलीच्या मोठ्या दारापासून सुरू झाल्याचे दिसले. दार आत कोसळले, वारा शिरला आणि छप्पर गेले. त्यानंतर तेथील बांधकाम नियम कडक झाले आणि दारालाही वाऱ्याच्या भाराची चाचणी लागू झाली. ऑस्ट्रेलियातील डार्विन शहराला १९७४ च्या नाताळात ट्रेसी वादळाने असाच धडा दिला. वऱ्हाडात समुद्री चक्रीवादळ येत नाही. पण हवेचा नियम फ्लोरिडात आणि शेंदूरजनाघाटात एकच आहे. तिथे दाराकडे भिंतीचा भाग म्हणून पाहिले जाते, इथे अजून सामान म्हणून पाहिले जाते, एवढाच फरक आहे.

जुन्या घरात अडचण कोणती?

जुनी घरे शटरसाठी बांधलेली नव्हती. पांढऱ्या मातीच्या किंवा चिखलात रचलेल्या विटांच्या भिंती, सागवानी चौकट आणि दोन फळ्यांचे दार अशी त्यांची रचना. पुढे दुकान काढायचे ठरले की तीच भिंत फोडून शटर बसवले गेले. अशा भिंतीत ठोकलेला खिळा किंवा बोल्ट हाताने हलवला तरी हलतो. नवे, जाड पत्र्याचे शटर अशा भिंतीवर बसवले तर वादळात शटर शाबूत राहते आणि रूळ भिंतीतून उपटून येतो.

काळ्या मातीचा प्रश्न वेगळा. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असेल तर चौकट दरवर्षी थोडी तिरकी होते, रूळ ओळंब्यात राहत नाही आणि शटर एका बाजूने अडकू लागते. अशा वेळी नुसते शटर बदलणे म्हणजे दुखणे तसेच ठेवून पट्टी बदलणे.

उपाय सोपा आहे, फक्त खर्चाचा क्रम बदलावा लागतो. आधी दोन्ही बाजूंना पायापासून उभे केलेले सिमेंटचे खांब किंवा मजबूत लोखंडी चौकट, वर त्यांना जोडणारी तुळई, आणि मग शटर. पैसे अपुरे असतील तर मोटर पुढच्या वर्षी लावता येते. चौकट पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

कारागिराला काय विचारावे?

रोलिंग शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानक आहे आणि सरकारी बांधकामांत साधारण तेच निकष वापरले जातात. त्यातील काही गोष्टी घरमालकाने माहीत करून घेतल्या तर बोलणे सोपे होते.

पहिली गोष्ट पट्टीची जाडी. साडेतीन मीटर, म्हणजे साधारण साडेअकरा फूट रुंदीपर्यंत किमान ०.९ मिलिमीटर आणि त्याहून रुंद शटरला किमान १.२५ मिलिमीटर. बाजारात गेज चालते. २० गेज म्हणजे सुमारे ०.९ आणि १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर. आकडा लहान तितका पत्रा जाड. स्वस्तात मिळणारे शटर अनेकदा २२ गेजचे असते, म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर.

दुसरी गोष्ट रुळाची खोली. साडेतीन मीटर रुंदीपर्यंत ती किमान ६५ मिलिमीटर आणि त्यापुढे ७५ मिलिमीटर हवी. रूळ उथळ असेल तर शटर मधून वाकताच पट्टीचे टोक बाहेर निसटते. वादळात शटर जाते ते बहुधा असेच, पत्रा फाटून नव्हे.

तिसरी गोष्ट टोकाच्या क्लिपा. एक सोडून एक पट्टीच्या दोन्ही टोकांना रिवेट केलेली लोखंडी क्लिप असावी, म्हणजे पट्ट्या आजूबाजूला सरकत नाहीत. चौथी गोष्ट पकड. रूळ भिंतीला किमान तीन ठिकाणी आणि पाऊण मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता बांधलेला असावा.

बिलावर फक्त ‘एक शटर’ असे न लिहिता गेज, रुळाची खोली आणि क्लिपा यांचा उल्लेख करायला सांगणे हा ग्राहकाचा हक्क आहे. चांगल्या कारागिराला त्याचा रागही येत नाही. उलट कमी गेजवाल्या स्वस्त दराशी त्याला स्पर्धा करावी लागत नाही.

मधला खांब कशासाठी?

रुंद शटरची खरी कमजोरी मधोमध असते. तिथे जमिनीत खाच आणि वर तुळईला पकड करून काढता-घालता येणारा लोखंडी खांब लावला तर पट्टीची लांबी निम्मी होते आणि तिच्यावरचा वाकवणारा ताण एक चतुर्थांशावर येतो. आभाळ भरून आले की दोन मिनिटांत खांब लावायचा, एरवी कोपऱ्यात उभा ठेवायचा.

कल्पना नवी नाही. जुन्या वाड्याच्या दाराला आतून अडसर असायचा आणि त्याची दोन्ही टोके भिंतीतल्या खोबणीत जायची. तो फक्त चोरासाठी नव्हता. दारावरचा जोर दोन्ही भिंतींवर वाटून देण्याचे काम तो करी. शटर आले आणि अडसर गेला. ते काम करणारे दुसरे काही मात्र आले नाही.

उन्हाचे काय?

मे २०२४ मध्ये अकोल्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला आणि उष्णतेमुळे जिल्हा प्रशासनाला ३१ मेपर्यंत कलम १४४ लावावे लागले. अशा उन्हात पश्चिमेकडे तोंड असलेले गडद रंगाचे शटर दुपारनंतर तव्यासारखे तापते आणि सूर्य मावळल्यावरही आतल्या खोलीत उष्णता सोडत राहते. मागे राहण्याची खोली असेल तर रात्रीची झोप जाते. पांढरा किंवा फिकट रंग, समोर हातभर अंतरावर तट्टी किंवा हिरवी जाळी आणि मागच्या भिंतीत उंचावर झरोका, हे तीन उपाय स्वस्त आहेत आणि चालतात. जाळी मात्र वादळाआधी सोडता आली पाहिजे.

उन्हाने शटर फुगते आणि अडकते, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. १० फूट लांबीची लोखंडी पट्टी ५० अंशांच्या फरकाने जेमतेम २ मिलिमीटर वाढते. शटर अडकते ते मुख्यतः रुळातल्या धुळीने, सुकलेल्या ग्रीसने आणि तिरक्या चौकटीने. त्यामुळे उन्हाळ्याचे कारण सांगून रुळात जास्त मोकळीक ठेवणे चुकीचे आहे. तीच मोकळीक वादळात घात करते.

मोटर लावावी का?

लावावी, पण हाताने चालणारी साखळी असेल तरच. वावधन आले की वीज आधी जाते. त्या वेळी अर्धे उघडे राहिलेले शटर सर्वांत धोक्याचे, आणि आत अडकलेल्या माणसासाठी बंद शटरही तितकेच. ज्या खोलीला शटरखेरीज दुसरे दार नाही, तिथे मोटरचा विचारच करू नये. शटरच्या स्प्रिंगमध्ये मोठा ताण साठलेला असतो. ती घरच्या घरी सोडण्याचा प्रयत्न जीवावर बेतू शकतो.

नुकसान झाल्यावर मदत मिळतेच ना?

मिळते, पण ती कितीशी? केंद्राच्या २०२२ ते २०२६ च्या आपत्ती मदत निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये आहेत. त्यासाठी किमान १५ टक्के नुकसान दिसावे लागते. नुसते शटर वाकले, रूळ उपटला तर घरमालक या चौकटीत बसणे कठीण. घराचा विमा हा दुसरा मार्ग. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे आणि तिच्यात वादळाचा समावेश आहे. खोली दुकानासाठी भाड्याने दिली असेल तर ते विमा घेतानाच सांगितले पाहिजे.

पंचनामे आणि मदतीचे धनादेश ही यंत्रणा आवश्यकच आहे. पण ती छप्पर उडाल्यानंतर हलते. त्याआधीचे काम फार खर्चाचे नाही. नगर परिषदांनी मालमत्ता कराच्या बिलासोबत गेज, रुळाची खोली, पकड आणि टिनाचे हुक यांची माहिती देणारा एक कागद घरोघर दिला, दर्शनी भिंत फोडून शटर बसवण्याच्या परवानगीत चौकटीची अट घातली आणि आयटीआयच्या वेल्डरांना या मानकाचे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, तरी बरेच काही साधेल. मदतीच्या रकमा वाढवण्याची मागणी दरवर्षी होते. ही मागणी कुणी करत नाही.

मग काम कधी काढावे?

मृग बहाराची संत्री फेब्रुवारी-मार्चमध्ये विकली जातात आणि हातात थोडा पैसा येतो. वादळांचा हंगाम त्याच्या पाठोपाठ सुरू होतो. म्हणून काम होळीच्या आसपास उरकावे. त्याच वेळी कारागिराला शिडी लावून टिनाचे हुक आणि नट तपासायला सांगावे, घरावर झुकलेल्या झाडाच्या वाळक्या फांद्या उतरवाव्यात. नवे शटर घेण्याची ऐपत यंदा नसेल, तर निदान जुन्या रुळाची पकड वाढवून मधला खांब तेवढा करून घ्यावा.