सशाला मांडी आवडते का?

सध्या आमच्या गोतावळ्यात सशांचं पीक आलंय. मंगळवार पेठेत भाच्याकडे एक, राजारामपुरीत मैत्रिणीच्या लेकीकडे दोन, आणि पुण्यात नातीकडे नुकताच आलेला एक पांढराशुभ्र. तक्रार मात्र सगळीकडे एकच. "दिसायला एवढा गोड, पण जवळ म्हणून घेऊ देत नाही!" आणि तिच्या शेपटाला एक प्रश्न: "रोज उचलून घेत राहिलं की आवडायला लागेल ना?"

चाळीस एक वर्षं शाळेत घालवली असल्यामुळे प्रश्न आला की उत्तर द्यायची खोड जात नाही. तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक सशांना उचलून घेतलेलं आवडत नाही, आणि पुढेही आवडायला लागत नाही. सोसायला ते शिकतात. काही ससे मांडीवर येतातही, पण आपल्या पायांनी आले तर!

आपण सशाला दोन गोष्टी कायमच्या चिकटवून ठेवल्या आहेत. एक कापूस आणि दुसरा भित्रेपणा. भेदरट माणसाला आपण सशाच्या काळजाचा म्हणतो. पाठीवर पान पडलं तर आभाळ कोसळलं म्हणून पळत सुटलेल्या सशाची गोष्ट सांगून पिढ्यान् पिढ्या पोरांना हसवलं. पण जरा सशाच्या बाजूने विचार करा. पान पडल्यावर जो पळाला तो वाचला. "पानच असेल" म्हणून जो बसून राहिला तो एखाद्या दिवशी कोल्ह्याच्या तोंडी गेला. आज घराघरांत जे ससे आहेत ते त्या पळणाऱ्यांचे वंशज. ज्याला आपण भित्रेपणा म्हणतो ती त्यांची शहाणीव आहे.

अशा प्राण्याला जमिनीवरून वर उचलणारं रानात कोण असतं? घार, गरुड, कोल्हा, नाहीतर रानमांजर. चारी पाय जमिनीवरून सुटले की सशाच्या लेखी खेळ संपला. आपल्या हातात माया असते, पण ती त्याला कशी कळणार? वरून झेपावणारं काहीतरी आलं आणि आपण अधांतरी झालो, एवढंच त्याला कळतं. शिवाय त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. मागचंसुद्धा दिसतं, पण नाकासमोरचा थोडा भाग दिसत नाही. आपण नेमका तिथेच हात नेतो.

कोणी म्हणेल, "आमचा ससा तर हातात अगदी शांत बसतो, उताणा धरला की झोपतोसुद्धा!" इथेच मोठी फसगत आहे. उताणा धरल्यावर ससा निपचित होतो ती झोप नव्हे. पकडलं गेल्यावर सुटकेचा शेवटचा उपाय म्हणून शरीर थिजतं. मेल्यासारखं पडून राहिलं तर धरणाऱ्याची पकड क्षणभर सैल होईल, एवढीच आशा. संशोधकांनी अशा सशांची तपासणी केली तेव्हा त्यांना आरामाच्या नव्हे, ताणाच्या खुणा सापडल्या. पण मोबाईलवर असले व्हिडिओ फिरतात आणि लोक खाली "सो क्यूट" लिहितात...

वर्गात शिकवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. चिडीचूप वर्ग म्हणजे रमलेला वर्ग नव्हे. काही वर्ग गोष्टीत गुंगल्यामुळे शांत असतात, काही छडीमुळे. दाराबाहेरून जाणाऱ्या हेडमास्तरांना दोन्ही सारखेच वाटतात. आत उभं राहणाऱ्याला मात्र फरक कळतो.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. घरचा ससा आणि रानातला ससा एक नव्हेत. आपल्या पन्हाळ्या-राधानगरीकडच्या माळावर दिसतो तो मानेवर काळा डाग असलेला ससा वेगळ्याच जातीचा. तो बीळ करत नाही, त्याची पिल्लं डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरी आणून पाळायचा नाही. दुकानातून येतो तो युरोपातला बिळात राहणारा ससा. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. शेकडो वर्षं माणसाजवळ राहून त्याच्यात फरक पडलाय, हेही खरं. २०१८ साली शास्त्रज्ञांनी पाळीव आणि रानटी सशांच्या मेंदूंची एमआरआयने तुलना केली. भीतीशी संबंध असलेला भाग पाळीव सशांत तुलनेने लहान निघाला. हंगेरीतल्या संशोधकांना असंही दिसलं, की जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यात, आईच्या पाजण्याच्या वेळेच्या आसपास पिल्लांना माणसाचा हात लागला, तर मोठेपणी ती माणसाला कमी भितात. ससी दिवसातून साधारण एकदाच, तेही चारपाच मिनिटं पाजते. म्हणजे ही संधी फार चिमुकली. आपल्या घरी ससा येईपर्यंत ती निघून गेलेली असते.

आणि भीती कमी होणं म्हणजे आवडणं नव्हे. कोल्हापूरकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. आपल्या संस्थानात शिकारीसाठी चित्ते पाळत. पुढे आफ्रिकेहूनही आणवले. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता गाडीत माणसाशेजारी मुकाट बसायचा, सोडला की हरणामागे धावायचा, पुन्हा हाती यायचा. इतका माणसाळलेला! पण शतकानुशतकं राजेरजवाड्यांनी चित्ते पाळले तरी बंदिवासात त्यांना पिल्लं होणं जवळजवळ अशक्यच राहिलं. जहांगीर बादशहाने तसा एक प्रसंग नवल म्हणून नोंदवून ठेवलाय. हाती येणं आणि सुखात असणं यांत एवढं अंतर असतं.

मराठीत आपल्याकडे तीन वेगळे शब्द आहेत: सोसणं, सवय होणं आणि आवडणं. ससा पाळणाऱ्याने हे तीन एकमेकांत मिसळू नयेत.

मग सशाला हातच लावायचा नाही का? तसं नाही. नखं कापायला, दात बघायला, डॉक्टरकडे न्यायला उचलावंच लागतं. त्याची सवय हळूहळू, थोडा थोडा वेळ, खाऊ देत जरूर करावी. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि अंगाशी धरून. कान धरून तर कधीच नाही. बाजारात तसे उचलताना दिसतात, ते बघवत नाही. सशाचा सांगाडा फार हलका, वजनाच्या जेमतेम ८ टक्के. मागचे पाय मात्र भलतेच जोरकस. हवेत धडपडून त्याने लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. लहान मुलाच्या हातून निसटून पडलेला ससा दोन्ही मागचे पाय गमावून बसतो, तेव्हा "हौसेनं आणला होता" म्हणून काय उपयोग?

म्हणून नातीला माझं एकच सांगणं. जमिनीवर बैस. पुस्तक वाच, पाढे म्हण, नाहीतर नुसती बैस. कोथिंबिरीची काडी शेजारी ठेव. तो येईल, हुंगेल, परत जाईल. एक दिवस हनुवटी तुझ्या गुडघ्यावर घासेल, म्हणजे "ही माझी" अशी खूण करेल. कपाळावर हळूच हात फिरवलास आणि दात अगदी बारीक करकरले, तर समज स्वारी खूश आहे. मोकळ्या खोलीत मध्येच उडी मारून हवेत गिरकी घेतो ना, तो त्याचा आनंद. पाय जोराने आपटला, डोळे विस्फारले, अंग ताठ केलं, तर त्याचं म्हणणं "नको" असं आहे. ते ऐकायचं.

यात मुलांचंही शिक्षण आहे असं मला वाटतं. आपल्याकडे "काकांना पापी दे, मामींच्या मांडीवर बस" असा लाडिक हुकूम लहानपणापासून सुटतो. पोर अंग चोरून घेतं, आपण हसतो. ज्या मुलाला सशाचं "नको" ओळखता येतं, त्याला उद्या माणसाचंही ओळखता येईल. आणि स्वतःचं "नको" म्हणायला लाजही वाटणार नाही.

मांडीवर बसणारंच जनावर हवं असेल तर घराच्या गच्चीवर दोन मांजरं कायम नोकरी शोधत असतात, त्यांना विचारावं. ससा आणायचा तर तो जमिनीवरचा सोबती म्हणून आणावा. आपल्यालाच थोडं खाली बसावं लागेल. माझे गुडघे आता तेवढे वाकत नाहीत, पण तुमचे वाकतात ना?