मावशी, तेवढं जरा...

सुरुवातीलाच कबूल करतो. माझं दहावीपर्यंतचं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे. संपादक मंडळाने चुका पोटात घालाव्यात. पण हा विषय इंग्लिश सेक्शनमध्ये लिहिला असता, तर ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना तो कुणी वाचूनही दाखवू शकलं नसतं. म्हणून मुद्दाम इकडे आलो.

शाळेत आम्हाला जवळजवळ दरवर्षी ‘डिग्निटी ऑफ लेबर’वर निबंध असायचा. मला दहापैकी आठ मार्क ठरलेले! आणि निबंध लिहून घरी आलो की बूट हॉलमध्ये, मोजे सोफ्याखाली, डबा तसाच खरकटा सिंकमध्ये. त्या निबंधाची प्रॅक्टिकल परीक्षा मला एकोणिसाव्या वर्षी द्यावी लागली, आणि तीत मी सपशेल नापास झालो. त्याचीच ही गोष्ट.

गेल्या वर्षी हॉस्टेलला नंबर लागला नाही, म्हणून आम्ही पाच जणांनी कॉलेजच्या मागच्या सोसायटीत टू बीएचके फ्लॅट घेतला. पहिल्या आठवड्यात त्या फ्लॅटची जी दशा झाली ती छापण्यासारखी नाही. शेवटी वॉचमनकाकांना सांगून कामाला मावशी ठेवल्या. बोलणी दारातच, पाच मिनिटांत झाली. रोज केर-लादी, रोजची भांडी आणि रविवारी संडास-बाथरूम. महिन्याला २८०० रुपये. आम्ही म्हटलं “चालेल”, त्या म्हणाल्या “उद्यापासून येते”. झाला करार!

मग सुरू झालं ‘तेवढं जरा’. “मावशी, तेवढा जरा पंखा पुसून घ्या.” “मावशी, तेवढी जरा बेडशीट धुता का?” “मावशी, तेवढं जरा फ्रिजमधलं सांडलेलं बघा ना.” कधी त्या करायच्या, कधी घड्याळाकडे बघून निघून जायच्या. निघून गेल्या की आम्ही वैतागायचो. फ्रिजवर एक कागद चिकटवला आणि त्यावर तक्रारी लिहायला लागलो. खिडकीत धूळ, कपाटामागे जाळं, ओट्यावर डाग. आणि हे सगळं इंग्रजीत, त्यांना वाचता येऊ नये म्हणून! म्हणजे तक्रार होती, पण ज्यांच्याबद्दल होती त्यांनाच सांगायची नव्हती.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी आमचा हिशेबनीस म्हणाला, “चार खाडे झालेत. पैसे कापायचे.” लगेच कॅल्क्युलेटर बाहेर आला. २८०० भागिले ३०, गुणिले ४. आले ३७३ रुपये. उरलेले २४२७ मी स्वतः मोजून मावशींच्या हातात ठेवले.

त्यांनी ते मोजले. पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाल्या, “दादा, कुठले चार दिवस?”

आम्ही तारखा सांगितल्या. त्यातल्या दोन दिवशी त्या आल्या होत्या. दाराला कुलूप होतं! आम्ही पाचही जण शनिवार-रविवार गावी गेलो होतो आणि त्यांना सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. भर पावसात चार जिने चढून त्या दोन्ही दिवस परत गेल्या होत्या. वॉचमनकाका साक्षीला होते. उरलेले दोन दिवस त्यांना ताप होता आणि तसा त्यांनी आमच्यातल्या एकाला सकाळी फोनही केला होता. तो झोपेत “हो हो” म्हणाला आणि कूस बदलून परत झोपला!

आता कुणालाही वाटेल की आम्ही तिथल्या तिथे पैसे दिले असतील. नाही दिले. “बघतो मावशी, पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करू,” असं काहीतरी पुटपुटलो. पुढचा महिना आलाच नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या यायच्या बंद झाल्या.

नव्या बाई मिळेपर्यंत बारा दिवस आम्ही पाळ्या लावल्या. पहिली पाळी माझी. इंजिनिअर ना आपण, मोबाईलवर स्टॉपवॉच लावलं. जमिनीवरचं सामान उचलायला २५ मिनिटं, केर काढायला १५, लादी पुसायला ३०, भांड्यांना ४०. एकूण ११० मिनिटं आणि वर कंबरेचे वाजलेले बारा. मावशी एवढं सगळं सव्वा तासात उरकायच्या, कारण पावणेदहाला त्यांना पुढच्या घरी पोचायचं असायचं. आम्ही उठायला अर्धा तास उशीर केला की तो उशीर त्यांच्या पुढच्या प्रत्येक घरी जायचा, आणि बोलणी त्यांनाच बसायची.

त्या दिवशी आणखी एक हिशेब केला. रोजचा सव्वा तास म्हणजे महिन्याला साडेसदतीस तास, शिवाय रविवारचं काम वेगळं. म्हणजे तासाला ७५ रुपयेही पडत नव्हते. आम्हा पाच जणांना मिळून! माझ्या एकट्याच्या वाट्याला दिवसाला एकोणीस रुपयेसुद्धा येत नव्हते. आणि तेवढ्यात मला पंखा, फ्रिज, बेडशीट आणि हसतमुख चेहरा, सगळं हवं होतं.

दोन आठवड्यांनी त्यांचं शेजारच्या सोसायटीतलं काम शोधून काढून ३७३ रुपये द्यायला गेलो. त्यांनी घेतले, मोजले, बटव्यात टाकले. मी “सॉरी” म्हटलं. त्यावर त्या म्हणाल्या, “पंखा पुसायला मी नाही म्हणत नव्हते दादा. पंख्याचे वेगळे पैसे असतात. तुम्ही विचारलंच नाही.”

मित्रांनो, मला वाटतं सगळा प्रश्न या एका वाक्यात आहे. मराठीत जुना शब्द आहे, मोलकरीण. मोल घेऊन काम करणारी. आज तो शब्द कमीपणाचा वाटतो म्हणून आपण ‘मावशी’ म्हणतो. चांगलंच आहे ते, मीही तेच म्हणतो. पण खरं सांगू? काम सांगताना आपल्याला त्या मावशी असतात आणि पैसे कापताना मोलकरीण! नात्याच्या नावाखाली फुकटचं काम मागायचं आणि हिशेबाच्या वेळी नातं विसरायचं. माझ्या सख्ख्या मावशीशी मी असं वागलो असतो, तर आईने मला घरात घेतलं नसतं.

मग अपेक्षा ठेवायचीच नाही का? असं मी अजिबात म्हणत नाही. पैसे देतो म्हणजे काम चांगलं व्हावं ही अपेक्षा रास्तच आहे. त्यांनी ठरलेल्या वेळी यावं, येणार नसतील तर कळवावं, कोपऱ्यातला केर कोपऱ्यातच ठेवू नये, लादीचं पाणी काळं झालं की बदलावं. रोज तोच कोपरा राहत असेल तर जरूर सांगावं. पण त्यांना सांगावं, फ्रिजला नव्हे! मशीन डिझाईनमध्ये आपण स्पेसिफिकेशन न देता वर्कशॉपला जॉब देतो का? आणि टॉलरन्स शून्य ठेवतो का? मग इथेच का?

नव्या मावशी आल्या तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. पहिल्याच दिवशी त्यांच्यासोबत बसून सगळं ठरवलं, मराठीत लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. ते असं होतं :

१) केर-लादी म्हणजे जमीन. जमिनीवरचा पसारा आम्ही उचलायचा. बॅग पडलेली असेल तर लादी बॅगेच्या बाजूने पुसली जाईल, तक्रार चालणार नाही.

२) खरकटं काढून, पाणी घालून मगच भांडी सिंकमध्ये. करपलेला कुकर ज्याने करपवला त्याने आदल्या रात्री भिजत घालायचा.

३) पंखे, जाळी, खिडक्या महिन्यातून एकदा. त्याचे पैसे वेगळे आणि आधी ठरवून.

४) महिन्याला दोन सुट्ट्या भरपगारी. आजारपणाचे पैसे कापायचे नाहीत. आमच्या दाराला कुलूप असेल तर तो त्यांचा खाडा नाही.

५) हातून कपबशी फुटली तर फुटली. आमच्या हातून महिन्याला दोन फुटतातच.

६) झाडू, फडकी, ब्रश, साबण आणि रबरी हातमोजे आम्ही आणायचे.

हातमोज्यांचं सांगतो. केमिस्ट्री लॅबमध्ये पातळ ॲसिड हाताळायचं तरी सर आपल्याला दहा सूचना देतात. संडास साफ करायच्या बऱ्याच लिक्विडमध्ये तेच हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते आपण बिनधास्त उघड्या हातांत देतो. त्यात कुणी जास्त स्वच्छ व्हावं म्हणून ब्लीचिंग पावडर मिसळली की क्लोरीन वायू तयार होतो, तोही खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये. बारावीला हे समीकरण आपण सगळ्यांनी पाठ केलंय. सांगायची जबाबदारी कुणाची?

हा कागद म्हणजे आमचा मोठेपणा नव्हे. याच पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. म्हणजे आमच्यापैकी एकाचाही जन्म झाला नव्हता तेव्हा या बायकांनी पगाराचा आणि सुट्टीचा प्रश्न रस्त्यावर आणला होता. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरकाम करणाऱ्या बायकांनाही लागू आहे. त्या कायद्याच्या भाषेत आमचा तो पसाऱ्याचा फ्लॅटसुद्धा ‘कामाचं ठिकाण’ ठरतो. मला हे सगळं एकोणिसाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. निबंध मात्र पाठ होता!

आता हॉस्टेलवाल्यांनो, हसू नका. यंदा मीही तुमच्यातच आहे. आपल्याकडे पॅसेज आणि बाथरूम साफ करायला येतात ते कॉन्ट्रॅक्टरचे लोक आहेत, त्यांच्याशी आपण काही ठरवलेलं नाही, पैसेही आपण हातात देत नाही. म्हणून तर आपण आणखी बेफिकीर! बेसिनमध्ये मॅगी, पॅसेजमध्ये पिझ्झ्याचे खोके, आणि वर “मेसबिलात सगळं कापतात, करू दे की त्यांना” हा डायलॉग. बेसिन धुणं हे त्यांचं काम आहे. त्यातून बोटांनी मॅगी काढणं हे ज्याने टाकली त्याचं काम आहे. यात फरक कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

रेक्टर सरांनाही एक विनंती. प्रत्येक मजल्यावर एक साधा कागद लावावा. सफाई किती वाजता होते, त्यात काय काय येतं, काय येत नाही आणि तक्रार कुणाकडे करायची. म्हणजे आम्ही उगाच झाडू मारणाऱ्या माणसावर ओरडणार नाही आणि खरंच काम होत नसेल तर योग्य माणसाला विचारू. आणि हो, त्यांच्या हातमोज्यांचं कॉन्ट्रॅक्टरला एकदा विचारावं.

असो. फार उपदेश झाला. मी काही सुधारलेला महापुरुष नाही, माझ्या टेबलाखाली आत्ताही दोन मोजे आहेत, जोडीचे नसलेले. पण हल्ली “तेवढं जरा...” ओठांवर आलं की थांबतो आणि आधी विचारतो, “हे तुमच्या कामात येतं का?” बहुतेक वेळा उत्तर येतं, “नाही येत, पण करते.” कधी नुसतंच “नाही येत.” दोन्ही उत्तरं ऐकायची सवय व्हायला मला वर्ष लागलं.

तुम्हाला किती लागेल? बघा, पटतंय का!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी