गगनबावड्याची राइड आणि टेबलावरची बाटली

मंडळी, आज जरा स्पष्ट बोलतो. झोंबलं तर समोर येऊन भांडा, पण पूर्ण वाचून.

पाऊस लागला की रविवारी सकाळी रंकाळ्यावर गाड्या जमतात. बुलेट, हिमालयन, केटीएम, एखाद्याची वडिलांची जुनी स्प्लेंडर. फुलेवाडी, बालिंग्याचा पूल, कळे, साळवण करत गगनबावडा. आधी ऊस, मग भाताची खाचरं, आणि शेवटी ढगच रस्त्यावर उतरलेले. सगळा मिळून पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. मीही कित्येक वर्षं जातोय, त्यामुळे राइडला नावं ठेवणारा मी नव्हे. (फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरला ठेवतो, पण ते पुन्हा कधीतरी.)

माझं भांडण आहे ते दुपारी एकनंतर. ढाब्यावर टेकलं की मटणाच्या आधी बाटल्या येतात. आता तर कित्येकांची राइड त्यासाठीच निघते, घाट आपला फोटोपुरता.

कारनं गेलात तर चौघांतला एक जण न पिता गाडी चालवू शकतो. मोटरसायकलवर ती सोयच नाही. दहा गाड्यांवर दहा जण गेले तर दहाही जण ड्रायव्हर. जेवणाच्या जागी आपण अर्ध्या वाटेवर असतो, घर अजून पंचावन्न किलोमीटर लांब असतं. म्हणजे बाटली उघडली तेव्हाच ठरलं की पिऊन चालवायची. दुसरा अर्थ निघतच नाही.

"एका बिअरनं काय होतंय भावा?" हिशोब करू. स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली, ८ टक्क्यांची धरा. त्यात साधारण ४१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. शरीर तासाला ढोबळमानानं सात ते दहा ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे दोनला संपवलेली बाटली पूर्ण उतरायला सहा-सात वाजतात. ताक, लिंबूपाणी, तोंडावर पाण्याचे हबके, यानं वेग वाढत नाही. पांढरा रस्सा कितीही वाट्या प्या. भरल्या पोटी चढते सावकाश, पण चढते. आणि आपण तीनला किक मारतो, ओल्या रस्त्यावर, समोर धुकं.

कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्याच वेळी दहा हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. एक जण मला म्हणाला, विलायतेत बायकर लोक खेड्यातल्या पबमध्येच जेवायला जातात. जातात की. इंग्लंडची मर्यादा ८० आहे, आपल्यापेक्षा सैल. पण शेजारच्या स्कॉटलंडनं २०१४ मध्ये ती ५० वर आणली. पबमध्ये जेवायला जाणं आणि पिऊन परत गाडी चालवणं या दोन गोष्टी आहेत, हे तिथंही कळतं.

सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको म्हणून सांगितलं. पुढच्याच वर्षी वीस हजारांपर्यंत वस्तीच्या गावांसाठी ते अंतर २२० मीटरवर आलं. दुकान लांब गेलं म्हणून काय झालं? बाटली सॅकमधून येतेच, आणि ढाबेवाला ग्लास देतो. परवाना नसताना पिऊ देणारा आणि तिथं पिणारा, दोघांवरही दारूबंदी कायद्यानं गुन्हा होतो, ६८ आणि ८४ कलम. ढाबेवाल्याला विचाराल तर तो म्हणतो, "नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या ढाब्यावर जातंय." त्याचंही खोटं नाही. पण हे गिऱ्हाईक म्हणजे आपणच की!

आणि किंमत कोण मोजतंय? संध्याकाळी त्याच रस्त्यानं जनावरं घरी येत असतात. बायका डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन कडेनं चालत असतात. हंगामात कुडित्र्याच्या कारखान्याकडं उसाच्या ट्रॉल्या, कित्येकींना मागं धड रिफ्लेक्टरही नाही. त्या बाईनं तुमच्या राइडसाठी वर्गणी दिलेली नाही. तिला कसला घाट बघायचा नव्हता, तिला घरी जाऊन चूल पेटवायची होती.

टोलविरुद्ध रस्त्यावर उतरून तो घालवणारं हे शहर आहे. हेल्मेटसक्तीलाही आपण कृती समित्या काढून विरोध केला. सरकारला "नाही" म्हणायला आपल्याला कधी भीती वाटली नाही. मग शेजारी बसलेल्या दोस्ताला "ठेव ती बाटली" म्हणताना तोंड का शिवलं जातं?

प्यायचीच असेल तर रात्री घरी या, गाडी लावा, मग बसा. नाहीतर गगनबावड्यातच मुक्काम करा, सकाळी निघा. मला कुणाच्या पिण्याशी देणंघेणं नाही.

पोलिसांना एकच विनंती. सकाळी जाताना कागदपत्रं तपासून उपयोग नाही, सकाळी सगळे शुद्धीत असतात. पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी तीन ते सहा बालिंग्याच्या पुलाजवळ मशीन घेऊन उभे राहा. येत्या रविवारी साधारण साडेचारला आमच्या सात गाड्या तिथून येतील. सगळ्यांना थांबवा, आम्ही फुंकून दाखवतो.