विहारातली अगरबत्ती आणि लेकरांची छाती



गेल्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात एक प्रसंग घडला, तो आधी सांगते. वर्षावासात रोज सायंकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन असते. आमचा विहार म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली. त्या दिवशी पाऊस असल्याने दोन्ही खिडक्या लावून घेतलेल्या. येणाऱ्या प्रत्येक भगिनीने आपल्या पुड्यातल्या दोन-दोन, चार-चार अगरबत्त्या लावल्या. मी मोजल्या नाहीत, पण पंचवीस-तीस तरी असाव्यात. त्रिशरण-पंचशील झाले, वाचनाला सुरुवात झाली आणि दुसरे पान उलटायच्या आत एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा आईच्या मांडीवर धापा टाकू लागला. छातीचा भाता वर-खाली होत होता आणि श्वासाबरोबर शिट्टी वाजत होती. आम्ही दोघी-तिघींनी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेले. नेब्युलायझर लावल्यावर अर्ध्या तासाने लेकरू बोलू लागले.

डॉक्टरांनी त्याच्या आईला विचारले, "घरात धूर कशाचा होतो?" ती म्हणाली, "धूर नाही हो, आमच्याकडे गॅस आहे." मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती? हो. रात्री डासांची कॉइल? हो. दार-खिडकी? बंद. थोरला मुलगा अंगावर वासाचा स्प्रे मारतो का? मारतो. फरशीला वासाचे फिनेल? रोज. ती बिचारी ओशाळली. घर स्वच्छ, नीटनेटके, सुवासिक ठेवणे यात आपला काही गुन्हा आहे, हे तिच्या स्वप्नातही नव्हते. खरे सांगायचे तर माझ्याही नव्हते. माझ्या घरात यांतली प्रत्येक वस्तू होती.

पुढच्या रविवारी विहाराच्या समितीत मी विषय काढला की आतमध्ये इतक्या अगरबत्त्या नकोत. एक वयोवृद्ध बाबा ताडकन उठले. म्हणाले, "माझा बाप १९२९ साली पर्वतीच्या सत्याग्रहाला गेला होता. देवळाची पायरी चढू दिली नाही, वर दगड खाल्ले. आज आपल्या विहारात आपल्या हाताने आपण अगरबत्ती लावतो, तर आपलीच पोर म्हणते लावू नका!" सभा गप्प झाली. मीही गप्प झाले. बाबांच्या बोलण्यात जे दुखणे होते, त्याला उत्तर म्हणून दम्याची माहिती पुरत नाही, हे मला त्याच क्षणी कळले.

भगिनींनो, आपल्या माणसांना वासाची भीती आहे. ती उगाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला घाणीत काम करायला लावले आणि वर तुमच्या अंगाला वास येतो म्हणून नाके मुरडली. मेलेली जनावरे ओढायला आपण, गटारात उतरायला आपले भाऊबंद, आणि नाक दाबणार ते! शाळेत, बसमध्ये, कामाच्या ठिकाणी आजही कुणी जरा बाजूला सरकले की आपल्या मनात पहिली शंका तीच येते. म्हणून आपली मुलगी कॉलेजला निघताना पावडर दोनदा लावते, मुलगा शर्ट ओला होईपर्यंत स्प्रे मारतो, आणि पाहुणे यायच्या आधी आपण घरभर काहीतरी फवारतो. घाम गाळून कमावलेला पैसा आपण घामाचा वास झाकण्यात घालवतो.

बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला आपल्या माता-भगिनींपुढे भाषण केले. लुगडे नेसण्याची रीत बदला, अस्पृश्यपणाची खूण ठरलेले दागिने टाका, वस्त्र फाटके असले तरी चालेल पण ते स्वच्छ असू द्या, असा त्यांचा उपदेश होता. स्वच्छ म्हणजे धुतलेले. त्यासाठी अत्तर लागत नाही. स्वच्छ धुतलेल्या आणि उन्हात वाळवलेल्या कपड्याला फारसा वासच नसतो. जो वास येतो तो कंपनीने वरून घातलेला असतो, आणि तो आला म्हणजे मळ गेला असे मुळीच नाही.

हा वरून घातलेला वास काय असतो? साबण, पावडर, शाम्पू, तेल यांच्या वेष्टनावर बारीक इंग्रजी अक्षरांत घटकांची यादी असते. तिच्यात बहुधा शेवटाकडे 'फ्रेग्रन्स', 'परफ्यूम' किंवा 'पार्फम' असा एक शब्द सापडतो. शब्द एक, पण त्याच्या पोटात दहा-वीस किंवा त्याहून जास्त रसायने असू शकतात. ती कोणती हे कंपनी सांगत नाही, कारण ते तिचे व्यापारी गुपित. युरोपात २००५ पासून ॲलर्जी आणणारे २६ सुगंधी घटक ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असतील तर नावानिशी छापावे लागतात आणि २०२३ मध्ये ती यादी वाढवून ८० च्या आसपास नेली. लिलिअल नावाचे एक रसायन तर तिथे मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदच केले. जननक्षमतेला त्यापासून धोका आहे, असे ठरले म्हणून. फुलांच्या वासाच्या कितीतरी साबण-शाम्पूत ते वर्षानुवर्षे वापरले जात होते.

अगरबत्तीचेही तसेच. बांबूच्या काडीवर कोळशाची आणि लाकडाची भुकटी चिकटवतात. ही कच्ची काडी कितीतरी आयाबाया वळत आल्या आहेत. तिला वास नसतो. नंतर ती रसायनात पातळ केलेल्या सुगंधात बुडवतात. म्हणजे 'मोगरा' पेटवला तरी घरात मोगरा येत नाही. येतो तो जळलेला कोळसा, बांबू आणि रसायन. सिंगापूरमधल्या ६१ हजारांहून अधिक चिनी स्त्री-पुरुषांची कित्येक वर्षे पाहणी करून २००८ मध्ये संशोधकांनी जे प्रसिद्ध केले, ते आपण बौद्धांनी विशेष वाचावे. त्या समाजात घरोघरी धूपकांड्या जळतात. दीर्घकाळ त्या धुरात राहणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या काही प्रकारच्या कर्करोगांचे प्रमाण अधिक आढळले, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांतही ते दिसले.

कॉइलची गोष्ट याहून वाईट. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळाली तर ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते असे आढळले. आपल्या पुण्यातले छातीच्या विकारांचे संशोधक डॉ. संदीप साळवी हेही शंभर सिगारेटींची तुलना देऊन हेच सांगत आले आहेत. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसे दार लावून झोपतात, तिथे याचा अर्थ काय होतो याचा विचार करावा. ज्या घरात बिडीसुद्धा कुणी ओढत नाही, त्या घरात तान्हे बाळ रात्रभर धूर पिते.

बाजारात डास पळवणारी अगरबत्ती म्हणूनही काड्या मिळतात. पुड्यावर लिंबाचा पाला आणि 'हर्बल' हा शब्द, आत काय ते देव जाणे! (देव नाही, कारखानदार जाणे.) अशा काही काड्यांत नोंदणी नसलेली कीटकनाशके सापडल्याचे प्रकार उघडकीस आले आहेत. शेवटी भारतीय मानक ब्युरोला डिसेंबर २०२५ मध्ये अगरबत्तीसाठी स्वतंत्र मानक जाहीर करून त्यात ॲलेथ्रिन, सायपरमेथ्रिन, फिप्रोनिल यांसारखी कीटकनाशके आणि काही कृत्रिम सुगंधी रसायने वापरू नयेत असे म्हणावे लागले. मानक चांगले आहे. पण हातगाडीवरच्या सुट्या पुड्यापर्यंत ते पोचेल तेव्हा पोचेल. तोवर मच्छरदाणी बरी. एकदा घेतली की चार-पाच वर्षे टिकते, तिला वास नाही, धूर नाही, आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो म्हणून दुपारी झोपलेल्या बाळावरही ती घालता येते.

कातडीबद्दल थोडे. धुणीभांडी, फरशी-संडास सफाई करणाऱ्या आपल्या भगिनींचे हात मी पाहते. बोटांच्या बेचक्यांत भेगा, खाज, कधी पाणी सुटते. पाण्यात सतत हात आणि साबण-सोडा ही कारणे आहेतच, पण वासाच्या द्रवांनीही ॲलर्जी होते. ती एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. मग तोच घटक दुसऱ्या कुठल्या साबणात, क्रीममध्ये आला तरी अंग उठते. काहींच्या गालावर, कपाळावर काळसर डाग पडतात. आपण त्याला वांग म्हणतो आणि त्यावर आणखी एक सुवासिक क्रीम चोळतो. जपानमध्ये १९७० च्या दशकात असेच झाले होते. असंख्य बायकांचे चेहरे काळवंडले. १९७७-७८ च्या सुमारास तिथल्या मोठ्या कंपन्यांनी दोषी रंग आणि सुगंध आपल्या मालातून काढले, तेव्हा तो रोग ओसरत गेला. डाग किंवा खाज असेल तर दुकानदाराला न विचारता ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे, आणि वापरात असलेल्या सगळ्या वस्तूंची वेष्टने पिशवीत घालून बरोबर न्यावीत.

'नैसर्गिक' या शब्दालाही भुलू नये. लिंबाच्या, लवंगेच्या, गुलाबाच्या तेलातसुद्धा ॲलर्जी आणणारे घटक असतात. आणि 'अनसेंटेड' लिहिलेल्या मालात कधी कधी मूळ वास मारण्यासाठी दुसरा सुगंध घातलेला असतो. यादीत 'फ्रेग्रन्स', 'परफ्यूम' हे शब्द नाहीत ना, एवढे पाहावे. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांनी शाळकरी मुलांना कामाला लावावे. माझी मुलगी दुकानात उभी राहून वाचते आणि दुकानदार वैतागतो.

एक गोष्ट मात्र जीवावरची आहे, ती आयांनी आणि विशेषतः आज्यांनी लक्षात ठेवावी. आपण ट्रंकेत डांबरगोळ्या टाकतो. बाळंतपण आले की त्याच ट्रंकेतली जुनी मऊ साडी, दुपटी, झबली काढून बाळाला गुंडाळतो. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच 'जी-सिक्स-पीडी' नावाचा एक घटक कमी असतो आणि ते वरून ओळखू येत नाही. डांबरगोळीतले नॅफ्थलीन अशा बाळाच्या श्वासातून, कातडीतून आत गेले तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वाढते, जीवही जाऊ शकतो. बाळाचे कपडे ज्या ट्रंकेत, तिथे डांबरगोळी नकोच. जुने कपडे काढले तर आधी धुवावेत, कडक उन्हात दोन-तीन दिवस टाकावेत, मगच बाळाच्या अंगाला लावावेत. कसर लागू नये म्हणून कपडे कोरडे ठणठणीत करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवले तरी पुरते.

मी कारकून आहे, हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या घरचा एका महिन्याचा वासाचा खर्च मी मांडला. अगरबत्ती १२० रुपये, कॉइल ९०, वासाचे फिनेल ८०, कपडे सुवासिक करायचे द्रव १००, पावडर ७५, मुलाचा स्प्रे २००. बेरीज ६६५. वर्षाचे ७,९८० रुपये. मुलीची वह्या-पुस्तके, परीक्षा फी आणि बसचा पास यांत त्यातले बरेच निघते. हा आकडा मी मिस्टरांना दाखवला, तेव्हा त्यांनी कागद उलटून मागे पाहिले, काही चुकले का म्हणून.

आता आमच्याकडे फरशी साध्या पाण्याने आणि आठवड्यातून दोनदा धुण्याच्या सोड्याने पुसतो. संडासाला ॲसिड लागलेच तर ते आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करत नाही, त्यातून विषारी वायू निघतो. कपड्यांचे सुवासिक द्रव बंद केले, कुणाच्या ध्यानातही आले नाही. अंगाला डाळीचे पीठ, केसांना शिकेकाई हे सुटीच्या दिवशी जमते, रोज जमत नाही. कामावर जाणाऱ्या बाईला वेळ कुठला? रोज साधा, कमी वासाचा साबण. मुलाने मात्र स्प्रे सोडलेला नाही. इतके ठरले आहे की तो बाहेर गॅलरीत जाऊन मारायचा, बहिणीच्या तोंडापाशी नाही. त्याला मी समजावले की नाकाला एखादा वास काही मिनिटांत सरावतो, म्हणून स्वतःला येईनासा झाला तरी समोरच्याच्या नाकात तो भरलेला असतो. ऐकले की नाही, ठाऊक नाही.

आणि बाबांचे काय झाले? पौर्णिमेला काही उपासक अष्टशील पाळतात. त्यात माळा, गंध, उटणी यांपासून दूर राहण्याचा नियम आहे. आमच्या विहारात आलेल्या भन्तेजींना मी सर्वांदेखत विचारले, की अगरबत्ती नसेल तर वंदना अपुरी राहते काय? ते म्हणाले, पूजा म्हणजे तथागतांच्या गुणांची आठवण. फुलाने होते, दिव्याने होते, नुसते हात जोडूनही होते. बाबा ऐकत होते. काही बोलले नाहीत.

पुढच्या वाचनाला ते नेहमीपेक्षा लवकर आले. हातात पुडा होता. त्यांनी एकच काडी काढली, दाराबाहेर ओट्यावर वाळूच्या डब्यात लावली आणि आत येऊन दोन्ही खिडक्या उघडल्या. पावसाचे शिंतोडे आत येत होते, तर त्यांनी खाली एक पोते अंथरले. मग दारातच बसून राहिले. कुणी भगिनी पुडा काढून आत निघाली की तिला म्हणत, "बाई, झाली लावून. सगळ्यांची मिळून एकच." तो मुलगा त्या दिवशी आला होता. पंप त्याच्या खिशात होता, पण वाचन संपेपर्यंत त्याला तो काढावा लागला नाही.