बिअरला जिवंत ज्वारी हवी

पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत मी बिअर बनवते, आणि माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, एकेकाळी खरिपाच्या ज्वारीचं. या दोन गोष्टी एकत्र आणायच्या म्हटलं की दोन्हीकडची माणसं दचकतात. तरीही मांडते, कारण ज्वारी आणि दारू यांवर महाराष्ट्रात एवढा वाद झाला, पण त्यात एक साधा मुद्दा राहूनच गेला.

2009 साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली आणि राज्यात ताज्या बिअरची सुरुवात झाली. त्यानंतर शहरात अशा ब्रुअरीज वाढत गेल्या. त्यांची कोठारं बघा. बार्लीचं माल्ट राजस्थान-हरियाणाकडचं, खास भाजलेलं माल्ट जर्मनी-बेल्जियमचं, हॉप्स बव्हेरियाचे नाहीतर अमेरिकेचे, यीस्ट पाकिटातून आलेलं. आपलं म्हणावं असं बहुतेक वेळा फक्त पाणी. अशा बिअरला आपण स्थानिक म्हणतो, ते मला खटकतं.

ज्वारी घाला म्हटलं की 2007 ची आठवण निघते. तेव्हा सरकारने धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना अनुदान देऊ केलं. ऐन काढणीत पाऊस आला की खरिपाची ज्वारी काळी पडते, तिला कुणी विचारत नाही, निदान तिचे चार पैसे होतील, असं सांगितलं गेलं. खाण्याच्या धान्याची दारू कशाला, म्हणून विरोधही जोरात झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. विरोध करणाऱ्यांची कळकळ खरी होती. दारूने उद्ध्वस्त झालेली घरं मीही गावात पाहिली आहेत.

पण मद्यार्काच्या कारखान्याला मेलेला दाणा चालतो. तिथे धान्य दळतात, शिजवतात आणि पिष्टाची साखर करायला बाहेरून आणलेली एन्झाइम्स घालतात. बिअरच्या माल्टचं तसं नाही. दाण्याला मोड यावे लागतात, आणि त्या मोड येण्यातूनच दाण्यात एन्झाइम्स तयार होतात. शंभरातले नव्वदच्या वर दाणे उगवले नाहीत तर ते माल्टच्या कामाचे नाहीत. बुरशीने काळी पडलेली ज्वारी नीट उगवत नाही आणि तिच्यात विषारी द्रव्यं असण्याचा धोका असतो. म्हणजे मद्यार्कवाला शेतकऱ्याचं नुकसान स्वस्तात उचलतो, तर माल्टवाल्याला पावसाआधी कापलेला, वाळवलेला, बियाण्याच्या तोडीचा दाणा लागतो. त्याला भाव जास्तच द्यावा लागेल. माझा सगळा मुद्दा इथे आहे.

आम्ही गावी ओसरीवर ज्वारीचं माल्ट करून बघितलं. दाणे दिवसभर भिजवले, मधून मधून पाणी बदललं, मग ओल्या गोणपाटावर पसरून वरून दुसरं गोणपाट घातलं. बार्लीला मोड आणायला पंधरा-सोळा अंशांची थंडी लागते, त्यासाठी कारखान्यात गारवा विकत घ्यावा लागतो. ज्वारीला पंचवीस-तीस अंशांची ऊबच मानवते, आणि ती मराठवाड्यात फुकट आहे. चार-पाच दिवसांत कोंब चांगले निघाले, आणि आईने पहिली सूचना केली ती किराळीची. कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावतं, हे तिला पाठ आहे. तेच विष या कोंबांत असतं. म्हणून दाणे खडखडीत वाळवून, हाताने चोळून, कोंब आणि मुळं पाखडून टाकावी लागतात. आईने सूप हातात घेतलं आणि कुणाला हात लावू दिला नाही.

ब्रुअरीतही ज्वारी सहज वळत नाही. तिचं पिष्ट फुलायला सत्तर अंशांच्या वर तापमान लागतं, आणि तेवढ्या आचेवर बार्लीतली महत्त्वाची एन्झाइम्स मरतात. म्हणून ज्वारी वेगळी शिजवायची, निवू द्यायची आणि मग बार्लीत मिसळायची. तिच्यावर टरफल नसतं, त्यामुळे गाळणं तुंबतं, त्यावर भाताचा तूस घालावा लागतो. वेळ जातो, गॅस जातो. फायदा दिसल्याशिवाय कुठलाही मालक हे करणार नाही.

नायजेरियाने 1988 पासून बार्ली माल्टची आयात बंद केली, तेव्हा तिथल्या बड्या ब्रुअरीज ज्वारीवर आल्या. बंदी उठल्यावरही ज्वारी टिकली. आपल्याकडे बंदीची गरज नाही. युगांडाचा रस्ता बरा. तिथे 2002 मध्ये देशी ज्वारीची ‘ईगल’ बिअर आली आणि स्थानिक धान्य वापरलं म्हणून सरकारने तिच्या करात सूट दिली. आपल्या उत्पादन शुल्क विभागानेही अशी सूट द्यावी, पण तीन अटींवर. सूट फक्त लहान ब्रुअरीजना आणि सौम्य बिअरलाच मिळावी. धान्यात ज्वारीचा ठरावीक वाटा असावा. आणि शेतकरी उत्पादक कंपनीशी पेरणीआधी लेखी भाव ठरलेला असावा. रब्बीच्या मालदांडी ज्वारीला यात ओढू नये, ती भाकरीचीच राहू दे.

धान्य कमी पडेल का? हजार लिटर बिअरला दोनशे किलोच्या आसपास धान्य लागतं, त्यात ज्वारी साठ-सत्तर किलो. एवढ्याने कुणाची भाकरी हिरावली जाणार नाही, आणि मराठवाड्याचं दैन्यही फिटणार नाही. जास्त बिअर खपवा असंही मी म्हणत नाही. जी बनतेच आहे, तिच्यातला काही पैसा बव्हेरियाऐवजी जिंतूर-सेलूकडे जावा, एवढंच. 2023 हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, पण आमच्या शिवारात तेव्हाही सोयाबीनच होतं.

गावी शेती करणाऱ्या अण्णांना विचारलं, ज्वारी पेराल का? म्हणाले, “पेरतो की. पण पाखरं राखायला माणूस लागतंय, कापायला माणूस लागतंय. भाव आधी लिहून दे.” कडबा घरच्या जनावरांना होईल, हा हिशेबही त्यांनी लगेच केला. खरिपाची पेरणी जूनमध्ये. म्हणजे करार मे महिन्यात व्हायला हवा, आणि सवलतीचा आदेश त्याच्याही आधी निघायला हवा.