भाकीत आणि विहीणबाई

पहिलटकरणीने बाळंतपणास माहेरी यावे, ही रीत हुबळी-धारवाडच्या मराठी घरांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली आहे. आपल्या कित्येक लेकी कोल्हापूर-सांगलीकडे दिलेल्या. सातवा महिना सरला की त्या इकडची वाट धरतात. वाटेत निपाणीपाशी राज्याची हद्द लागते, याची आठवणही कोणास होत नसे. ती हद्द २०२० साली भिंतीसारखी उभी राहिली. मार्चमध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि १८ मे रोजी कर्नाटक शासनाने महाराष्ट्रातून येणाऱ्यांस महिनाअखेरपर्यंत मज्जाव केला.

आमची कन्या तेव्हा कोल्हापुरास होती. दिवस भरत आले होते. तिच्या आईने हौसेने शिवलेला बाळंतविडा कपाटातच राहिला. आम्ही मात्र दूरध्वनीवरून रोज एकच बजावीत होतो, "दवाखान्याची पायरी चढू नकोस, रोग तिथेच आहे." या शहाणपणापायी तपासणीच्या दोन खेपा चुकल्या. पुढे पायांवर सूज दिसताच विहीणबाईंनी आमचे न ऐकता तिला इस्पितळात नेले. रक्तदाब चढलेला निघाला. वेळीच उपचार झाले आणि दोन्ही जीव सुखरूप राहिले.

पुढे वाचनात आले की, हाच धोका अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच मे महिन्यात 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात आकड्यांनी मांडला होता. ११८ देशांतील प्रसूतिसेवा सहा महिने थोड्या ढासळल्या तरी १२,२०० माता अधिक दगावतील. निम्म्याच्या आसपास ढासळल्या तर ५६,७००. हे मृत्यू करोनाचे नव्हेत. सेवा न मिळाल्याचे. त्यांपैकी सुमारे ६० टक्के केवळ चार गोष्टींच्या अभावी होतील, असे गणित होते: रक्तस्राव आवरणारे औषध, जंतुसंसर्गावरील औषध, झटके थांबविणारे औषध आणि बाळंतपणाची स्वच्छ जागा.

शेजारच्या नेपाळात त्याची झलकही दिसली. तेथील नऊ इस्पितळांत टाळेबंदीच्या काळात प्रसूतींची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली आणि मृत जन्मांचे प्रमाण हजारी १४ वरून २१ वर गेले.

ज्योतिषी आपले भाकीत खरे ठरण्याची वाट पाहतो. हे भाकीत मात्र खोटे पाडता यावे, म्हणूनच केलेले असते. आमच्या घरापुरते ते विहीणबाईंनी खोटे पाडले. त्यांनी ना 'लॅन्सेट' वाचले होते, ना आमच्यासारखी एम.ए.ची पदवी मिळवली होती. सुनेचे सुजलेले पाय मात्र त्यांनी पाहिले.

साथी पुन्हा येतील. तेव्हा आमच्या वाचक कुटुंबांनी एवढे ध्यानी ठेवावे: तपासणीची तारीख चुकवू नये. बाळंतपण कोठे करावयाचे हे आधीच ठरवावे, आणि रस्ता बंद झाल्यास दुसरी सोय कोणती, हेही. हातापायांवर किंवा चेहऱ्यावर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणे, पोटातील बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसल्यास कोणाच्या सल्ल्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. वडिलांचा सल्ला आड येत असेल, तर तो खुशाल मोडावा.

आमची नात आता शाळेत जाते. तो बाळंतविडा तिच्या बाहुलीच्या अंगावर आहे.