बुरुजांचे वारसदार

आमच्या मोहल्ल्यात चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आपण या मुलखावर राज्य केले आहे." मोहल्ल्याची वेस ओलांडली की त्याच वाक्याचा जोडभाऊ भेटतो : "यांनी आमच्यावर राज्य केले." पुरावा म्हणून दोन्हीकडचे लोक एकाच ठिकाणाकडे बोट दाखवतात. विजापूरकडे, आदिलशाही तटाकडे, त्यावरच्या बुरुजांकडे. आम्ही उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. दोन्ही बाजूंना आमचा एकच सवाल आहे : हे बुरूज आपण नीट पाहिलेत का?

विजापूर शहराचा तट पहिल्या अली आदिलशहाच्या काळात, 1565 च्या सुमारास पुरा झाला. घेर सुमारे 10 किलोमीटर, बुरूज 96, बाहेरून खंदक. सरळ भिंतीच्या अगदी पायथ्याशी पोहोचलेला शत्रू वरच्या पहारेकऱ्याच्या माऱ्यात येत नाही. म्हणून भिंतीतून पुढे आलेले बुरूज बांधायचे, म्हणजे शेजारच्या दोन बुरुजांवरून मधल्या भिंतीचा पायथा राखता येतो. हा साधा हिशेब आहे आणि हिशेबाला धर्म नसतो. शिवरायांच्या गडांवरही बुरूज आहेत. 'बुरूज' हा शब्दच अरबीतून मराठीत आला आणि इतका रुळला की तो परका आहे असे कुणाला वाटत नाही. शब्द सामावून घेणाऱ्या भाषेत तो शब्द आणणारी माणसे मात्र उपरी कशी ठरतात, याचे उत्तर 'यांनी राज्य केले' म्हणणाऱ्यांनी द्यावे.

आता आमच्या घरच्या अभिमान्यांकडे वळू. विजापूरचा तट सगळीकडे सारखा नाही. कुठे भक्कम, कुठे बेताचा. बादशहाने एकेका सरदाराकडे तटाचा एकेक भाग सोपवला आणि ज्याने त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे व मर्जीप्रमाणे तो बांधला, असे याचे कारण सांगितले जाते. शहरात तटापासून अलग उभा असलेला सुमारे 80 फूट उंचीचा उपली बुरूज हैदरखानाने बांधला. तट वाटून दिला तेव्हा हैदरखान मोहिमेवर होता, मान हुकला म्हणून रुसला, तेव्हा बादशहाने त्याला सगळ्यांपेक्षा उंच बुरूज बांधायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, दरबाराचा स्वभाव तिच्यात अचूक उतरला आहे. पहिली चढाओढ आपसातच होती.

या चढाओढीचा शेवट 1686 साली झाला. सिकंदर आदिलशहा पोरवयात गादीवर आला होता. दख्खनी, हबशी आणि पठाण सरदार कारभारासाठी एकमेकांचे गळे धरत होते. 1676 मध्ये तर खवासखानासारख्या कारभाऱ्याचा खून बहलोलखानाच्या पक्षाने केला. 1685 च्या एप्रिलमध्ये वेढा पडला आणि पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात शहर शरण गेले. वेढा घालणारा होता औरंगजेब. आदिलशाहीच्या मदतीला आले ते गोवळकोंड्याचे लोक आणि छत्रपती संभाजी महाराजांचे मराठे. आता सांगा, ही लढाई कोणत्या धर्माची कोणत्या धर्माशी होती? 96 बुरूज जागच्या जागी उभे होते आणि सलतनत गेली. फाटलेल्या घराला तट वाचवत नाही, हा धडा या दगडांत आहे. फिरके, जमाती आणि पुढाऱ्यांचे गट यांत वाटल्या गेलेल्या आजच्या आमच्या समाजाला तो कुणी शिकवत नाही. बुरुजाची उंची तेवढी सांगतात.

आणि "आपण राज्य केले" यातले 'आपण' कोण? बागवान, आतार, तांबोळी, मोमीन, पिंजारी, कसाई, मणियार. आमच्या वर्गातल्या हजेरीपटावर ही नावे असतात. यांच्या आजोबा-पणजोबांनी सूत विणले, कापूस पिंजला, भाजी विकली. बुरुजाचे दगड वाहणारे आणि बुरुजावर मिरवणारे यांत जर आपले पूर्वज शोधायचे असतील, तर ते दगड वाहणाऱ्यांत सापडण्याची शक्यता जास्त. असे असताना पोराला सिंहासनाचे स्वप्न पाजायचे आणि दहावीनंतर गॅरेजवर धाडायचे, हा कुठला न्याय? एक पोरगा त्या स्वप्नाने फुगतो. दुसऱ्याला बाहेर "तुमच्या अफझलखानाने" म्हणून हिणवले की तो मान खाली घालतो. दोघांनाही इतिहास मिळालेलाच नसतो.

शेर्झा बुरुजावरची मलिक-ए-मैदान तोफ पाहा. ती विजापूरची नव्हे. 1549 साली अहमदनगरला निजामशहासाठी मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराने ती ओतली. वजन सुमारे 55 टन, तोंडाशी जबडा पसरलेला सिंह आणि जबड्यात हत्ती. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. 1632 मध्ये तिथून ती विजापूरला आणली गेली. तिच्यावर निजामशहाचा लेख आहे, घडवणाऱ्या कारागिराचे नाव आहे आणि विजापूर जिंकल्यावर औरंगजेबाने कोरून घेतलेला लेखही आहे. एकाच धातूवर दोन बादशहा आणि एक मजूर. बादशहांच्या सलतनती बुडाल्या, कारागिराचे नाव त्यांच्याच पंक्तीला टिकून आहे.

1854 साली इंग्रज अमदानीत, साताऱ्याहून सुटलेल्या हुकुमाने, पडीक सामानाबरोबर या तोफेचाही लिलाव झाला. बोली लागली 150 रुपयांची. किंमत फारच कमी आहे आणि लोक या तोफेला मानतात, असे तिथल्या मामलेदाराने वरिष्ठांना कळवले, तेव्हा विक्री रद्द झाली. तोफ वाचली ती कुणाच्या गर्वाने नाही आणि कुणाच्या द्वेषानेही नाही. एका कारकुनी कागदाने वाचली. वारसा असाच वाचतो. कुणीतरी जागेवर जातो, पाहतो, लिहितो.

म्हणूनच आमचे म्हणणे आमच्याच बिरादरीला, उर्दू शाळांच्या मास्तरांना आहे. या बुरुजांवरचे, दरवाजांवरचे, तोफांवरचे लेख फारसी-अरबीत आहेत. मराठी अभ्यासकाला ते वाचायला दुभाषा शोधावा लागतो. ही अक्षरे आमच्या पोरांना पहिलीपासून येतात. कुलूप समोर आहे, किल्ली आमच्या खिशात आहे, आणि आम्ही सहलीला बाग आणि पाळणे दाखवून परत येतो! बी.एड.ला पाठटाचण लिहायला शिकवले, पण गावच्या वेशीवरचा शिलालेख हाही पाठ असतो हे शिकवले नाही. ते आपले आपण शिकावे लागेल. प्रत्येक उर्दू शाळेने आपल्या गावचा एक लेख पोरांकडून उतरवून घ्यावा, जाणकाराकडून त्याचा अर्थ लावून घ्यावा आणि तो मराठीत लिहून गावापुढे ठेवावा. मराठीतच, कारण शेजाऱ्याला तो कळला पाहिजे. आदिलशाहीतही पहिल्या इब्राहिमने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत आणले होते. आपल्याला त्यात कमीपणा कशाला वाटावा?

राज्य केले म्हणणाऱ्यांना बुरूज मिळणार नाहीत, पाडा म्हणणाऱ्यांनाही नाहीत. जो ते वाचील आणि वाचून शेजाऱ्याला समजावील, तोच त्यांचा वारसदार. ही जागा आज रिकामी आहे. आमच्या पोरांनी ती घ्यावी.